पहिला नंबर कोणाचा?

भाताची कापणी आणि झोडणी उरकली, की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वांगणीसारख्या गावी मोकळ्या झालेल्या जागेत कबड्डीचे मैदान आखले जाते. चुन्याची फक्की नसेल तर चुलीतली राखही चालते. खेळ तासाभरात संपतो, पण त्यानंतरचा वाद दिवेलागणीपर्यंत चालतो. सर्वांत चांगला चढाईपटू कोण? कुणी शाळेतल्या मुलाचे नाव घेतो, कुणी दूरदर्शनसंचावर पाहिलेल्या खेळाडूचे. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

माझे मत असे, की हा वाद निरर्थक नाही, तो फक्त अर्धवट असतो. ‘श्रेष्ठ कोण?’ असे विचारण्यापूर्वी ‘कशात श्रेष्ठ, आणि हे कसे मोजले?’ असे विचारायला हवे. हा प्रश्न विज्ञानाचा आहे, आणि तो विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते.

सर्वांत सोपे माप म्हणजे एकूण गुण. व्यावसायिक कबड्डीची लीग 2014 मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी अनुप कुमारने चढाईचे 155 गुण मिळवले आणि तो चढाईपटूंत अव्वल ठरला. 2017 च्या हंगामात परदीप नरवालने 369 गुण मिळवले. आकडे शेजारी ठेवले तर परदीप अनुपच्या दुपटीहून पुढे दिसतो. पण 2014 मध्ये संघ होते आठ आणि 2017 मध्ये बारा. त्यामुळे अनुपचे ते गुण 16 सामन्यांतले आहेत, तर परदीपचे 26 सामन्यांतले. भागाकार करून पाहा. अनुपची सरासरी सामन्यामागे सुमारे 9.7 येते आणि परदीपची सुमारे 14.2. परदीप अजूनही पुढेच आहे, पण दुपटीची गोष्ट आता दीडपटीवर आली. शिवाय अनुप संघाचा कर्णधार होता. कोणत्या वेळी कोणाला चढाईला पाठवायचे, हा निर्णय चांगला घेतला तर त्याचे गुण कर्णधाराच्या नावावर मांडले जात नाहीत. जे मोजलेच नाही, ते यादीत दिसणार कसे?

मग सरासरी काढली म्हणजे झाले काय? येथे आपल्या क्रिकेटमधला एक जुना वाद आठवतो. 1940 च्या दशकात मुंबईत विजय मर्चंट मोठा की विजय हजारे मोठा, यावरून घराघरांत दोन पक्ष पडत. मर्चंट मुंबईचे, हजारे सांगलीत जन्मलेले. कसोटी सामन्यांतली त्यांची सरासरी पाहिली तर नवल वाटते. मर्चंट 47.72 आणि हजारे 47.65. फरक एका धावेच्या दहाव्या भागाहूनही कमी! मग दोघे सारखेच म्हणायचे का?

थोडे खोलात जाऊ. मर्चंट यांच्या 859 धावा 18 डावांतल्या आहेत. हजारे यांच्या 2192 धावा 52 डावांतल्या, आणि त्यांतल्या 6 डावांत ते नाबाद राहिले. आता कल्पना करा, की प्रत्येकाला आणखी एक डाव मिळाला आणि दोघेही शून्यावर बाद झाले. मर्चंट यांची सरासरी 45.21 वर घसरते, तर हजारे यांची 46.64 वर. एका शून्याने एकाचे अडीच गुण गेले, दुसऱ्याचा एकच. नमुना जितका लहान, तितका त्यावरचा आकडा डळमळीत असतो. मोजपट्टी तीच असली, तरी तिच्यावरचा भरवसा दोन्ही ठिकाणी सारखा नाही. मर्चंट यांना कसोटीचे डाव कमी मिळाले याला त्यांचा खेळ कारण नव्हता. दुसऱ्या महायुद्धात उमेदीची वर्षे गेली, पुढे प्रकृतीने साथ दिली नाही. उलट प्रथम श्रेणीच्या सामन्यांत, जिथे त्यांना पुष्कळ डाव मिळाले, तिथे त्यांची सरासरी 71.64 आहे. हजारे यांची तिथली सरासरी 58.38. म्हणजे एक माप दोघांना समान म्हणते आणि दुसरे मर्चंट यांना बरेच पुढे नेते. पण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला 1948 मध्ये एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके ठोकणारे हजारे होते, हेही विसरता येत नाही.

याच जोडीचा एक सामना तर प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावा असा आहे. 1943-44 च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद 250 धावा केल्या आणि हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. समोरचा ‘रेस्ट’ संघ 133 धावांत गारद झाला. फॉलोऑननंतर त्या संघाने 387 धावा केल्या, आणि त्यांतल्या 309 एकट्या हजारे यांच्या होत्या! दर शंभर धावांपैकी ऐंशीच्या आसपास एकाच फलंदाजाने काढल्या. तरीही सामना एक डाव आणि 61 धावांनी गेला. जिंकलेल्या संघाचा खेळाडू मोठा, असा निकष लावला तर त्या दिवशी हजारे मागे पडतात. हा निकष तुम्हाला पटतो का?

गोष्ट इथेच संपत नाही. त्या डावात हजारे यांना साथ दिली त्यांचे भाऊ विवेक हजारे यांनी. दोघांनी सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भागी केली आणि विवेक यांच्या स्वतःच्या धावा झाल्या फक्त 21. धावफलकावर 309 च्या शेजारी 21 किती क्षुद्र दिसतात! पण दुसऱ्या टोकाला ते 21 वाले उभे राहिले नसते, तर 309 झाले असते का? सांघिक खेळात एकाच्या नावापुढचा आकडा हा नेहमी अनेकांनी मिळून घडवलेला असतो.

अमेरिकेत हाच पेच वेगळ्या रूपात आहे. तिथला फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही. त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू प्रत्येक चालीचा सूत्रधार असतो आणि तो हाताने चेंडू लांब फेकून देतो. उत्तम क्वार्टरबॅक कोण, यावर तिथे वर्षानुवर्षे भांडणे चालतात. ती मिटावीत म्हणून 1973 मध्ये त्यांच्या व्यावसायिक लीगने एक सूत्र स्वीकारले. किती फेकी साथीदाराने झेलल्या, दर फेकीमागे किती अंतर कापले, किती फेकींतून गोल झाला आणि किती प्रतिस्पर्ध्याने पळवल्या, असे त्याचे चार घटक. प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त 2.375 गुण. चारांची बेरीज करून तिला सहाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. म्हणून सर्वांत मोठा गुणांक 158.3 येतो. दिसायला किती शास्त्रीय! परंतु 1978 मध्ये चेंडू फेकणे सोपे व्हावे असे नियम बदलले आणि सर्वांचेच गुणांक पुढे चढत गेले. 1956 ते 1973 या काळात गाजलेला जॉनी युनायटस याचा कारकिर्दीचा गुणांक 78.2 आहे. आज तो अगदी सामान्य खेळाडूचा वाटेल, आणि त्याच्या काळात तर तो महान गणला गेला. खेळाडू बदलला नव्हता, त्याच्याभोवतीचा खेळ बदलला. टॉम ब्रेडीची कथा आणखी बोलकी आहे. 2000 साली संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा त्याचा क्रमांक लागला 199 वा. पुढे त्याने सात वेळा अंतिम विजेतेपद मिळवले. निवड करणाऱ्यांकडे आकडे नव्हते असे नाही, पण जे त्याच्यापाशी होते ते त्या आकड्यांत सापडले नाही.

आता आपल्या मैदानावर परत येऊ. समजा, तुमच्या शाळेच्या संघात ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन चढाईपटू आहेत आणि तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्यांपैकी एकच निवडायचा आहे. सरांनी वही काढली. ‘अ’ने 60 चढायांपैकी 26 यशस्वी केल्या, म्हणजे सुमारे 43 टक्के. ‘ब’ने 50 पैकी 25, म्हणजे 50 टक्के. निकाल उघड दिसतो. ‘ब’ला घ्या.

थांबा. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ही तिसरी चढाई अवघड, कारण समोरच्यांना ठाऊक असते, की आज हा रिकामा परत जाऊ शकत नाही. वहीतल्या चढाया आता दोन गटांत मांडू. साध्या चढायांत ‘अ’चे यश 20 पैकी 12, म्हणजे 60 टक्के, तर ‘ब’चे 40 पैकी 22, म्हणजे 55 टक्के. तिसऱ्या चढायांत ‘अ’चे यश 40 पैकी 14, म्हणजे 35 टक्के, तर ‘ब’चे 10 पैकी 3, म्हणजे 30 टक्के. आहे की नाही गंमत? साध्या चढाईत ‘अ’ पुढे, अवघड चढाईतही ‘अ’च पुढे, आणि एकूण बेरजेत मात्र ‘ब’ पुढे! बेरजा पुन्हा तपासा, चूक कुठेही नाही. संघ अडचणीत आला की कर्णधार ‘अ’ला पाठवत होता, म्हणून त्याच्या वाट्याला अवघड चढाया चौपट आल्या. त्याच्यावरचा विश्वासच त्याच्या टक्केवारीत त्याच्या विरुद्ध गेला. संख्याशास्त्रात हा विरोधाभास सिम्प्सन यांच्या नावाने ओळखला जातो, आणि औषधांच्या चाचण्यांपासून प्रवेशांच्या आकड्यांपर्यंत तो सगळीकडे दबा धरून असतो.

बचावाचे मोजमाप याहून फसवे. कोपरारक्षकाच्या नावापुढे तिने किती पकडी केल्या ते लिहितात. पण एखाद्या मुलीची पकड इतकी जबर असेल, की चढाई करणारी तिच्या कोपऱ्याकडे वळतच नाही, तर तिच्या पकडींची संख्या वाढेल की घटेल? घटेल! तिच्या धाकाने न झालेल्या चढाया कोणत्या रकान्यात लिहायच्या? माझ्या मते, गावोगावच्या शाळांतून अशा कितीतरी मुली ‘हिच्या पकडीच नाहीत’ म्हणून घरी राहिल्या असतील.

आणि जिथे वहीच नाही तिथे काय? 2012 मध्ये पाटण्याला महिलांची पहिली विश्वचषक कबड्डी स्पर्धा झाली आणि भारताने ती जिंकली. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. पुरुषांच्या लीगमुळे परदीपची प्रत्येक चढाई नोंदली गेली. महिलांची अशी स्पर्धा 2016 मध्ये झाली, पण अवघ्या तीन संघांची. तेव्हा ‘सर्वकाळचे दहा उत्तम चढाईपटू’ अशी यादी कुणी आकड्यांवरून केली आणि तिच्यात एकही स्त्री नसली, तर त्यातून स्त्रियांच्या खेळाविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की आपण काय मोजले आणि काय मोजायचे सोडून दिले. नोंद नसणे आणि गुण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर कुणी म्हणेल, ‘मग मोजूच नका. पाहणाऱ्याच्या डोळ्याला सगळे कळते.’ हे मला मुळीच मान्य नाही. डोळ्याला शेवटची चढाई आठवते, पहिल्या अर्ध्या तासातल्या दहा आठवत नाहीत. डोळ्याला ओळखीचा मुलगा आधी दिसतो, दूरच्या पाड्यावरून चालत येणारा उशिरा दिसतो. अशा मुलाच्या बाजूने साक्ष द्यायला पुष्कळदा वहीच असते. वाईट मोजणीवर उपाय न मोजणे हा नाही, अधिक विचाराने मोजणे हा आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, येत्या हंगामात एक प्रयोग करा. आपल्या शाळेच्या दहा सामन्यांची नोंद ठेवा. प्रत्येक चढाईपुढे लिहा: चढाई कोणाची, समोर गडी किती, साधी की तिसरी, गुण किती, बाद झाला की परतला, आणि चढाई कोणत्या कोपऱ्याकडे झाली. मग तीन गट करा आणि प्रत्येक गटाला वेगळ्या निकषावर पहिले तीन क्रमांक काढायला सांगा. याद्या जुळतात का पाहा. जुळल्या, तर त्या खेळाडूविषयी खात्रीने बोलता येईल. जुळल्या नाहीत, तर का नाहीत याचा शोध घ्या. खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात आपणही दरवर्षी क्रमांक लावतो. सहा-सात विषयांचे गुण मिळवून एक बेरीज करतो आणि तिच्यावरून पहिला, दुसरा, चाळिसावा ठरवतो. ती बेरीज कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे मुलांना एकदा तरी सांगावे. पहाटे गुरे सोडून, दोन डोंगर उतरून शाळेत येणाऱ्या मुलाचे 58 टक्के आणि घराशेजारी शाळा असलेल्याचे 62 टक्के, हे ‘अ’ आणि ‘ब’च्या चढायांसारखे तर नाहीत ना? क्रमांक जरूर लावा. पण त्याच्याखाली कशाचा क्रमांक, किती मोजणीवर आणि कोणत्या परिस्थितीत, एवढे तीन शब्दप्रयोग लिहायची सवय लावा. तसे केले, तर मैदानावरचा वादही आवाजावर न सुटता वहीवर सुटेल, आणि चाळिसाव्या क्रमांकाच्या मुलाला कळेल, की त्याची एकच चढाई मोजली गेली आहे.