आधी तालीम, मग प्रयोग

शाळेच्या संकेतस्थळाचे काम यंदा मुलांच्या हाती द्यावे, असे आमचे मत आहे. विश्वस्त मंडळातील काही सदस्यांना आणि काही पालकांना ते पटलेले नाही. "मुलांनी काही बिघडवले तर?" हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण आजवर जे बिघडले ते मुलांनी नव्हे, आम्हीच बिघडवले, हे आधी कबूल करायला हवे.

गेल्या वर्षी प्रवेशाची सूचना आम्ही कार्यालयात टंकित करून थेट संकेतस्थळावर चढवली. आमचा हात हिंदी टंकनामुळे कृतिदेव फॉन्टवर बसलेला. कार्यालयाच्या पडद्यावर सुरेख मराठी दिसत होती. घरोघरी मात्र रोमन अक्षरांची खिचडी उमटली. कृतिदेवमध्ये साठवली जातात ती रोमन अक्षरेच. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट, युनिकोडसारखे नाही. दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. शेवटी एक आजोबा फाटकाशी येऊन म्हणाले, "मराठी शाळेच्या पानावर मराठीच वाचता येत नाही हो!" ते अजून टोचते.

इंदूरच्या आपल्या नाटकवेड्या मंडळींना वेगळे सांगायला नको, रंगीत तालमीशिवाय कोणी प्रयोग लावतो का? संकेतस्थळाचीही तालीम करता येते. लॅबमधल्या एका संगणकालाच सर्व्हर करायचे. झॅम्प नावाचा संच मोफत मिळतो; त्यात अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतात. पाने एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहायचे. हा पत्ता, म्हणजे १२७.०.०.१, ही संगणकाने स्वतःलाच मारलेली हाक. इंटरनेट बंद असले तरी चालते, आणि चूक झाली तर ती लॅबबाहेर जात नाही.

नववीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीआधी हे करून पाहिले. पहिल्या दिवशी अपाची सुरूच होईना. पोर्ट ८० दुसऱ्याच प्रोग्रामने अडवून ठेवले होते. ते शोधण्यात तासिका संपली, मधली सुट्टीही गेली, आणि एकही मूल उठले नाही! संगणकाच्या पाठ्यपुस्तकाने असे कधी केल्याचे आम्हाला आठवत नाही.

तालमीत सगळेच कळते असे नाही. विंडोजला फाइलच्या नावातली लहान आणि मोठी रोमन अक्षरे सारखीच वाटतात, लिनक्सच्या सर्व्हरवर ती वेगळी ठरतात. येथे दिसणारे स्नेहसंमेलनाचे छायाचित्र तेथे गायब होऊ शकते. म्हणून फाइलींची सर्व नावे लहान अक्षरांतच द्यायची, असे मुलांनी ठरवले आहे.

एका बाबतीत मात्र आम्ही शंका घेणाऱ्यांच्याच बाजूचे. झॅम्प सरावासाठी आहे; त्यातील डेटाबेसच्या मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. तेव्हा तो संगणक बाहेरच्या जगाला उघडा ठेवायचा नाही, आणि विद्यार्थ्यांची खरी नावे, गुण, पालकांचे फोन क्रमांक त्यात भरायचे नाहीत. सरावाला काल्पनिक नावे पुरेत.

विश्वस्तांकडे मागणी एवढीच, की लॅबमधला एक जुना संगणक या कामासाठी वेगळा ठेवू द्यावा. प्रवेशाची नवी सूचना आधी त्याच्यावर दिसेल. ती वाचायला त्या आजोबांना बोलावले आहे, आणि चष्मा घेऊन येतो असे त्यांनी कळवले आहे.