वाल टोकला, सोलणार कोण?



आधी शेतातली नोंद. खालच्या खाचरातलं कर्जत-3 वेळेवर कापून झालं. भारे उचलले आणि जमिनीत ओल आहे तोवर वाल टोकून घेतला. पाऊण एकर. नांगरट नाही, पाणी नाही, अंगओलाव्यावर जे येईल ते. वरच्या खाचरात गरवं भात उभं होतं. ते निघेपर्यंत जमिनीला भेगा पडल्या, म्हणून तिथला नाद सोडला. ज्यांना भातावर वाल घ्यायचाय त्यांनी पुढच्या वर्षी हळवंच भात लावा, हे मी दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी स्वतःच एक खाचर चुकवतो.

नोंद संपली. आता भांडण.

मागच्या हंगामाचा वाल घरात आहे. राखेत घालून ठेवलेला, भुंगा नाही, दाणा टणटणीत. चार पैसे बरे मिळतील म्हणून पिशवीत नमुना घेऊन नदीकडच्या एका फार्महाऊसवर गेलो. बाहेर मोठा बोर्ड, 'अस्सल कोकणी व्हेज थाळी'. म्हटलं, हे गिऱ्हाईक आपलं. आतला पोरगा चांगला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. वाल हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "काका, हा लागत नाही आम्हाला." मग थाळीत असतं काय? पनीर, मिक्स व्हेज, दाल तडका, जिरा राईस, पापड आणि सोलकढी. मी विचारलं, यात कोकणी काय? तो म्हणाला, "सोलकढी आहे ना."

परत येताना त्याला मनातल्या मनात भरपूर बोललो. पण गावाच्या कमानीपाशी येईपर्यंत माझंच तोंड बंद झालं. कारण गेल्या वैशाखात आपल्याच गावात, आपल्याच भावकीत मी जी लग्नं जेवलो त्यांत एकाही पंगतीला वाल नव्हता. पनीर होतं, मंचुरियन होतं, एका ठिकाणी पास्ता होता. यजमान कोण? सात-बाऱ्यावर नाव असलेले शेतकरी. अर्ध्यांच्या घरात वालाचं पोतं उभं. फार्महाऊसवाला तरी बाहेरचा, त्याला काय माहीत. आपण काय म्हणून सांगायचं?

आणि वर आपणच म्हणतो, वालाला बाजार नाही. अहो, बाजार नंतर गेला. आधी आपल्या पंगतीतून गेला.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसलीय, की कोकणी जेवण म्हणजे मासे. समुद्रकाठी असेल. आपण कोकणातच, पण डोंगराच्या पायथ्याचे. समुद्र आपल्याला वाऱ्यावर येतो तेवढाच. आपल्याकडे मासळी म्हणजे ओढ्याची, नाहीतर पावसाळ्यासाठी घेऊन ठेवलेली सुकट आणि बोंबील. मी माळकरी नाही, सुकट मलाही लागते, उगाच सोवळं मिरवत नाही. पण रोजचं ताट कशानं भरायचं? तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, पावसाळ्यात रानातली भाजी, वरकस जमिनीतली नाचणी. हे जेवण सीकेपींच्या घरात होतं तसं आगऱ्या-कुणब्यांच्या घरात होतं, आणि रानभाजीची खरी माहिती तर ठाकर-कातकऱ्यांची. शाकाहार म्हणजे बामणाघरचं काहीतरी, असं जे बोलतात त्यांनी श्रावणात कुठल्याही कुणब्याच्या चुलीपाशी जाऊन बसावं. फोडणीत लसूण असेल, एवढाच फरक.

आता वालाकडे येतो, कारण पीक माझं ते आहे.

नवीन पोरांसाठी सांगतो. कडवे वाल रात्री भरपूर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, कडूपणा त्यात बराच उतरतो. मग फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे. उन्हाळ्यात दिवसात येतात, आताच्या थंडीत दीड-दोन दिवस घेतात, बोचकं चुलीच्या उबेला ठेवावं लागतं. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. डाळिंबी सुटून येते, साल बोटात राहते. मग हिंग-मोहरी-जिऱ्याची फोडणी, आमसूल, गूळ, ओलं खोबरं. शिजताना ढवळायचं नाही, भांडं हलवायचं, नाहीतर डाळिंबी मोडते आणि बिरड्याचं पिठलं होतं.

सांगायला सहा-सात ओळी लागल्या. मी हे असंच एकदा घरात मोठ्या आवाजात सांगत होतो, पाहुणे बसले होते, आजीच्या हातचं बिरडं वगैरे चाललं होतं. आतून मंडळींचा आवाज आला, "बोलता तुम्ही, सोलते मी."

पाहुणे हसले. मीही हसलो. पण ते लागलं. दुसऱ्या दिवशी एक किलो सुके वाल मोजून भिजत घातले आणि मोड आल्यावर मी स्वतः सोलायला बसलो. मोजूनच सांगतो. भिजून दुप्पट झालेली ती रास एकट्याने संपवायला मला दोन तासांच्या वर गेले. मंडळींना दीड तास लागतो. अंगठ्याचं टोक दुखायला लागलं, पाठ धरली. शेवटी शेवटी मीच म्हणालो, पुढच्या वेळी मटकी करू.

आमच्या घरात वाल मागे का पडला ते मला त्या दिवशी कळलं. चव गेली म्हणून नाही आणि पोरं खात नाहीत म्हणूनही नाही. पोरं खातात, वाढलं तर दोनदा घेतात. मागे पडला कारण पूर्वी आई, काकू, आत्या, शेजारीण अशा चौघी ओटीवर बसून बोलता बोलता सोलायच्या, आणि आता एकटी बाई सकाळची गाडी गाठणाऱ्यांचे डबे करून वर हे करणार, अशी आपली अपेक्षा. तिने सोडून दिलं तर चूक तिची? परंपरा टिकवा म्हणून स्टेटस ठेवणाऱ्या पुरुषमंडळींना माझा साधा प्रश्न आहे, शेवटचा वाल कधी सोललात?

कृषीवाल्या साहेबांनाही थोडं बोलायचं आहे, रागावू नका. तुमचं काम मी मानतो. आपल्या कर्जतच्या संशोधन केंद्राच्या भाताच्या जातींवर आमचं घर चाललंय. दापोली विद्यापीठाने कोकण वाल-1, कोकण वाल-2 अशा जाती दिल्या. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळेंनी भाताची मुळं जमिनीतच ठेवून त्याच गादीवाफ्यावर वाल-हरभरा घेऊन दाखवला. म्हणजे पिकवायचं कसं, हे झालं. वालाच्या मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र जमिनीत येतो, पुढच्या भाताला उपयोग, हेही आम्हाला पाठ झालं. 2016 साल जगभर कडधान्यांचं वर्ष होतं म्हणे. 2023 भरडधान्यांचं झालं, नाचणीचे मोठे मोठे फलक लागले. पण शेतातून निघालेला दाणा आणि ताटातलं बिरडं यांच्यामध्ये जे दीड तासाचं सोलणं आहे, त्यावर कोण बोलतंय? डाळ मिलमध्ये सुका दाणा भरडता येतो. मोड आलेला दाणा न मोडता सोलणारं, बचत गटाला परवडेल असं यंत्र मी अजून आपल्या बाजारात पाहिलेलं नाही. मुंबईच्या बाजारात सोललेल्या डाळिंब्या घेऊन बायका बसतात आणि सुक्या वालापेक्षा कितीतरी चढ्या भावाने त्या विकल्या जातात. तो वरचा पैसा सोलण्याचा आहे. उत्पादन एकरी अर्धा क्विंटल वाढवण्यापेक्षा एवढं जमवा, वाल आपोआप वाढेल.

प्रथिनांचंही सांगतो, कारण पनीरवाले लगेच तिथे येतात. सुक्या वालात साधारण 24-25 टक्के प्रथिनं असतात. भिजल्यावर पाणी शिरतं, टक्का खाली दिसतो, हे मान्य. पण ज्याच्या जमिनीत हे फुकटच्या ओलीवर येतं त्याने खोक्यातलं पनीर विकत आणून पाहुण्यांना वाढावं, हा हिशेब मला कुठल्याच बाजूने जुळत नाही.

आता बांधावर या. इथे दोषी मी स्वतः आहे.

सलग तीन पावसाळे मी बांधावर तणनाशक मारलं. मजूर मिळत नव्हते, बांध बेणायला वेळ नव्हता, पंप पाठीवर घेतला की तासाभरात काम. बांध पिवळे पडले, मला बरं वाटलं. माझ्या बांधावर आधी काय यायचं? पहिल्या पावसानंतर टाकळा, मग कुर्डू, कुंपणाला कंटोलीचा वेल, उताराला फोडशी, काहीजण तिला कुलू म्हणतात. पुस्तकात कुर्डू हे रुंद पानाचं तण आहे. आमच्या आईच्या लेखी ती आषाढातली भाजी होती. औषधाच्या पंपाला कुठलं कळतंय कोणाची व्याख्या खरी ते.

एक ठाकरीण बाई दरवर्षी माझ्या बांधावरून कुर्डू-टाकळा खुडून न्यायची आणि स्टेशनबाहेर वाटे लावून विकायची. जाताना आमच्या ओटीवर एक वाटा ठेवायची. त्या तिसऱ्या वर्षी आली, बांधाकडे बघितलं आणि तिथूनच विचारलं, "दादा, औषध मारलंय का?" मी हो म्हणालो. ती काही बोलली नाही. टोपली उचलली आणि गेली. नंतर आलीच नाही.

बरं, फायदा तरी झाला का? मुळं मेली, माती धरायला काही राहिलं नाही, चौथ्या पावसाळ्यात दोन ठिकाणी बांध खचला. दोन्ही वेळा मजूर लावून माती भरली. वाचवलेली मजुरी अशी गेली. आता दोन वर्षं झाली, बांधावर फक्त विळा. टाकळा लगेच परत आला, तो निर्लज्ज आहे. कुर्डू बऱ्यापैकी. फोडशी अजून नाही.

शेवळाचं तर बोलायलाच नको. जूनच्या तोंडावर वरकसात झाडांच्या आडोशाला येणारी ती जांभळट तपकिरी शेवळं, सोबत काकडाची आंबट फळं, नाहीतर घसा खाजून जीव जायचा. शेवळं कंदातून येतात. प्लॉट पाडायला जेसीबी फिरला, वर हिरवळ अंथरली, की कंद संपला. शेजारचं काकडाचं झाडही कंपाउंडात आड येतं म्हणून गेलं. ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव होतात, चांगलं आहे, मीही जातो, बायकांची विक्री होते. पण वरकस ज्याने विकलं तोच स्टॉलपुढे उभा राहून फोटो काढतो तेव्हा बघवत नाही. विकणाऱ्यांत आपलीच माणसं आहेत. नाव कोणाचं घेत नाही, अडचणी सगळ्यांना असतात.

ऋषीपंचमीचं मात्र एक गंमत म्हणून सांगतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. आळू, माठ, सुरण, भोपळा, पडवळ, शिराळं, मक्याचं कणीस, असं परसातलं सगळं एकत्र. यंदा नातीने विचारलं, "बैल कुठे आहे?" गोठ्यात बैल नाही हे तिला माहीत आहे. मी म्हणालो, आता पॉवर टिलरच्या कष्टाचं खायचं नाही असं म्हणू. पण त्या भाजीसाठी लागलेला माठ आणि सुरण मंडळींनी बाजारातून आणला होता, म्हणजे कोणाच्या तरी टिलरचाच. परसात आमच्या आता मोटरसायकली उभ्या असतात.

तर मुद्द्याचं काम. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. जेवणाच्या बैठकीत मी म्हणालो, पनीर काढा, वालाचं बिरडं ठेवा. आधी सगळे गप्प. मग वहिनी म्हणाली, लोक नावं ठेवतील. मग नवरदेव स्वतः म्हणाला, "काका, ठेवा." आचाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मला काही नाही, पण सोललेला माल द्या. माझी माणसं सोलत बसणार नाहीत."

हिशेब केला. चारशे पानं, सुके वाल 20 किलो. किलोला दीड तास धरला तर 30 तास. पंधरा माणसं बसली तर दोन तासांचं काम आहे. वाल माझे. रविवारी लग्न, म्हणजे बुधवारी रात्री भिजत घालणार, गुरुवारी बांधणार, शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या ओटीवर सोलायला बसायचं. मंडळींनी साफ सांगितलंय की त्या दिवशी बायकांना हळदीची कामं आहेत, सोलायला पुरुषांनी बसायचं. आतापर्यंत सात जण हो म्हणालेत, त्यातले दोन नक्की दांडी मारणार. भिसेगाव, दहिवली, मुद्रे, जवळपासचं जे कोणी हे वाचत असेल त्यांनी यावं. बसायला पाट आपापला आणा. चहा मी करतो.