मतासाठीं भाकरी तोडूं नये

मध्यप्रदेशांतील एका शिक्षकाला १९७४ सालीं सरकारनें नोकरींतून काढलें. कारण काय? तर तो पूर्वीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या व जनसंघाच्या कामांत भाग घेत असे, असा पोलिसांचा अहवाल! १९८३ सालीं सुप्रीम कोर्टानें सरकारचें म्हणणें फेटाळलें.

संघाच्या मतांशीं आमचें वैर जुनें आहे. तरीही हा निकाल न्याय्यच, असें आम्ही म्हणतों. मतासाठीं त्याच्या ताटांतली भाकरी ओढणारा हात उद्यां सत्यशोधकाच्या ताटाकडे वळेल. तोंड वर करून बोलणाऱ्या न्हाव्याचें, कुंभाराचें बलुतें बंद करून गांव त्याला गप्प बसवी, हें आपण विसरलों काय?

शिक्षकानें वर्गांत पोरापोरांत भेद केला, कारकुनानें पक्ष पाहून अर्ज अडविला, तर चौकशी करून त्या कृत्याची शिक्षा जरूर द्यावी. परंतु नुसतें मत हा गुन्हा नव्हे.

खाजगी मालकापुढें मात्र राज्यघटनेची ही ढाल चालत नाहीं. आणि आपलीं पुष्कळ पोरें आज तेथेंच राबतात. म्हणून शेतकरी-कारागीर बंधूंनो, तेथेंही कायदा मागा: कामांतील कसूर सिद्ध झाल्यावांचून कोणाचीही भाकरी तुटूं नये. आपल्या विरोधकाचीही!