सिंधू, गीता आणि फौजीची बायको

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा गडकरी हयात नव्हते. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी सिंधू उभी केली आणि तिच्या सोशिकपणाला असा गोड गळा लाभला, की तो सोशिकपणाच आदर्श ठरला. परीक्षेत आजही सिंधूच्या पातिव्रत्यावर टीप लिहायला सांगितली जाते. आमचा आक्षेप या टिपेला आहे.

सुधाकराची शोकांतिका पहिल्या प्याल्यात शोधण्याची आपल्याला सवय झाली आहे. आमच्या मते तिचे मर्म पुढे आहे: तो दारू सोडतो, आणि पुन्हा पितो. व्यसनाला आज वैद्यक पुनःपुन्हा उलटणारा आजार मानते. गडकऱ्यांनी ते नाट्यातून आधीच दाखवले. अशा उलटलेल्या आजारापुढे पत्नीने काय करावे? सिंधू माहेरची मदत नाकारते, दळण दळते, आणि मरताना नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांशी खोटे बोलते.

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, साताऱ्याकडून आलेली घरे. एक भाऊ गिरणीत, दुसरा पलटणीत, हे चित्र जुनेच. गिरणगावातल्या दारूवर मराठीत लिहिले गेले. फौजीच्या घरातल्या बाटलीवर आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. कॅन्टीनच्या रमकडे आपण कौतुकानेच पाहतो (शेजारी तर ‘एखादी मिळेल का’ म्हणून विचारून ठेवतात). निवृत्त जवान चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, कुठे सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. कोटा चालूच असतो. नोकरीत असलेल्याच्या पत्नीची कोंडी तर अधिक अवघड. लष्करी रुग्णालयात उपचार झाल्यावर नवरा पुन्हा प्यायला लागला, हे तिने कळवले तर त्याची वैद्यकीय श्रेणी खालावते, सेवा संपुष्टात येऊ शकते. न कळवावे तर घर बुडते. तिचे मौन आणि सिंधूचे खोटे यांत अंतर फार नाही. फरक इतकाच, की हिच्या मौनामागे पातिव्रत्यापेक्षा महिन्याचा हिशेब अधिक असतो.

१९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा रुग्णाच्या पत्नीलाही उपचारात जागा मिळाली. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांचे ‘अल-अनॉन’ गट हेच सांगतात, की हे व्यसन तू लावलेले नाहीस, आणि तुझ्या सोसण्याने ते सुटणारही नाही. नवऱ्याच्या वतीने कचेरीत थापा मारणे, त्याची उधारी फेडणे म्हणजे आधार नव्हे. आधार आजारी माणसाला द्यावा, त्याच्या प्याल्याला नव्हे. हे बोलायला सोपे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. पगार ज्याच्या नावावर, त्याच्याविरुद्ध उभे राहणे सोपे नसते. तरी १९५० च्या सैन्य कायद्यात पतीच्या पगारातून पोटगी कापून देण्याची तरतूद आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. सिंधूजवळ यांतले काहीच नव्हते.

नाटकात मात्र दुसरी एक बायको आहे: तळीरामाची गीता. ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. समीक्षेने तिला बहुधा विनोदाच्या खात्यात टाकले. पुढच्या प्रश्नपत्रिकेत टीप गीतेवर विचारावी आणि विद्यार्थी काय लिहितात ते पाहावे.