विश्लेषण : तबकडी आत जाते, चित्रपट मात्र लागत नाही! गेमिंग कन्सोलवर डीव्हीडी का अडते?

एकेकाळी गेमिंग कन्सोल हाच अनेक घरांतला पहिला डीव्हीडी प्लेअर होता. आज नव्या कन्सोलमधून तबकडी घालण्याची खाचच नाहीशी होत आहे. जिथे ती शिल्लक आहे, तिथेही प्रत्येक तबकडी चालेल याची खात्री नाही. असे का होते? आणि कपाटात जपून ठेवलेल्या लग्न-मुंजीच्या डीव्हीडींचे पुढे काय?

कन्सोल डीव्हीडी प्लेअर कसा झाला?

सोनीने मार्च २००० मध्ये जपानमध्ये 'प्लेस्टेशन २' बाजारात आणला. त्याची किंमत होती ३९ हजार ८०० येन. डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग वस्तू होती. त्यामुळे गेम आणि चित्रपट एकाच यंत्रावर, हा सौदा ग्राहकांना पटला. पुढे या कन्सोलची जगभरात १५ कोटींहून अधिक विक्री झाली. मायक्रोसॉफ्टच्या २००१ मधील पहिल्या 'एक्सबॉक्स'वरही डीव्हीडी दिसत असे, पण त्यासाठी रिमोटचा वेगळा संच विकत घ्यावा लागे. निन्टेन्डोने मात्र वेगळी वाट धरली. २००६ च्या 'वी' या कन्सोलमध्ये नेहमीच्या आकाराची तबकडी जात असली, तरी त्यावर चित्रपट लागत नसे.

त्याच वर्षी 'प्लेस्टेशन ३' ब्लू-रे ड्राइव्हसह आला. मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ३६०'साठी प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीचा जोडड्राइव्ह विकला. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली. ब्लू-रेच्या विजयात कन्सोलचा वाटा मोठा होता.

सगळ्या तबकड्या दिसतात सारख्या, मग फरक कुठे?

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर. पण त्यावरील माहिती वाचणाऱ्या लेझर किरणांची तरंगलांबी वेगळी असते. सीडीसाठी ७८०, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर. म्हणजे ड्राइव्हमध्ये त्या-त्या तबकडीसाठी सोय असावी लागते आणि कंपनीने ती सुरूही ठेवावी लागते. 'प्लेस्टेशन ४' आणि 'प्लेस्टेशन ५' डीव्हीडी व ब्लू-रे चालवतात, पण गाण्यांची साधी सीडी चालवत नाहीत.

भारतीय घरांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे व्हीसीडीचा मोठा सुळसुळाट होता. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार ढवळून काढला होता. व्हीसीडी ही मुळात सीडीच. त्यावरचा व्हिडीओ एमपीईजी-१ या जुन्या पद्धतीचा, तर डीव्हीडीवरचा एमपीईजी-२. त्यामुळे सीडी न वाचणाऱ्या कन्सोलवर व्हीसीडी लागत नाही. यात तबकडीचा काही दोष नसतो.

परदेशातून आणलेल्या कन्सोलवर इथली डीव्हीडी का चालत नाही?

इथे प्रदेश-संकेताचे कुलूप आड येते. चित्रपट कंपन्यांनी जगाची विभागणी केली. डीव्हीडीसाठी अमेरिका १, युरोप व जपान २ आणि भारत ५ क्रमांकाच्या प्रदेशात येतो. ब्लू-रेसाठी अमेरिका व जपान 'ए', युरोप 'बी' आणि भारत 'सी' गटात आहे. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी आणलेल्या कन्सोलवर प्रदेश ५ ची डीव्हीडी नाकारली जाते, ती यामुळेच. पुष्कळ भारतीय डीव्हीडी सर्व प्रदेशांसाठी खुल्या असतात. तरीही भारतातील पाल आणि अमेरिकेतील एनटीएससी या दोन चित्रपद्धतींतील फरकामुळे अडचण येऊ शकते.

गंमत अशी, की 'प्लेस्टेशन ४' आणि 'प्लेस्टेशन ५'च्या गेमच्या तबकड्यांना असे प्रदेशाचे कुलूप नाही. तोच कन्सोल परदेशी गेम चालवतो आणि परदेशी चित्रपट नाकारतो. फोर-के ब्लू-रे तबकड्यांवरही प्रदेश-संकेत नसतो.

इंटरनेट कशासाठी लागते?

तबकडी वाचण्याची क्षमता यंत्रात असली, तरी चित्रपट दाखवण्याची परवानगी सॉफ्टवेअरमधून मिळते. 'प्लेस्टेशन ४'वर डीव्हीडी वा ब्लू-रे पहिल्यांदा पाहण्यापूर्वी एकदा इंटरनेटला जोडून ती सोय सुरू करावी लागते. 'एक्सबॉक्स वन'वर ब्लू-रे प्लेअरचे अ‍ॅप डाउनलोड करावे लागते, अगदी डीव्हीडीसाठीसुद्धा. 'प्लेस्टेशन ५'च्या २०२३ मधील सडपातळ आवृत्तीचा सुटा ड्राइव्ह कन्सोलशी जोडतानाही एकदा इंटरनेट लागते. कंपनीचे सर्व्हर चालू आहेत तोवर यात अडचण नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरचा.

घरी 'राइट' केलेली डीव्हीडी का अडते?

स्टुडिओतून मिळालेली लग्नाची डीव्हीडी दोन प्रकारची असू शकते. एकीत 'व्हिडीओ_टीएस' नावाचे फोल्डर असते. ही खरी व्हिडीओ डीव्हीडी. ती सहसा चालते, मात्र राइट केल्यानंतर 'फायनलाइज' केलेली असावी लागते. दुसरीत एमपी४ फाइल नुसत्या कॉपी केलेल्या असतात. संगणकावर त्या उघडतात, पण 'प्लेस्टेशन ४' आणि 'प्लेस्टेशन ५' अशा फाइल तबकडीवरून नव्हे, तर यूएसबी ड्राइव्हवरून दाखवतात.

ड्राइव्ह गायब का होत आहे?

२०२० मध्ये 'एक्सबॉक्स सीरिज एस' आणि 'प्लेस्टेशन ५'ची डिजिटल आवृत्ती ड्राइव्हविनाच आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महागड्या 'प्लेस्टेशन ५ प्रो'मध्येही ड्राइव्ह नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. ड्राइव्ह काढला की यंत्राचा खर्च कमी होतो आणि ग्राहक कंपनीच्याच ऑनलाइन दुकानात खरेदी करतो. तबकड्यांचा बाजारही आटतो आहे. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केले. सोनीने राइट करता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले.

मग डिजिटल खरेदी जास्त सुरक्षित नाही का?

तसे म्हणता येत नाही. प्लेस्टेशनच्या दुकानातून विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ग्राहकांच्या खात्यातून काढले जातील, असे सोनीने डिसेंबर २०२३ मध्ये कळवले होते. ओरड झाल्यावर आणि परवान्याची मुदत वाढल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला. पण 'खरेदी' म्हणजे प्रत्यक्षात पाहण्याचा परवाना, एवढे त्यातून स्पष्ट झाले. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला. ग्राहकाला केवळ परवाना मिळतो हे ठळकपणे न सांगता विक्रेत्याला 'विकत घ्या' असे म्हणता येत नाही. तबकडीबाबत उलटे आहे. ती आपल्या मालकीची राहते, पण वाचणारे यंत्र हवे.

ग्राहकांनी काय करावे?

कन्सोल घेताना चार गोष्टी विचाराव्यात : ड्राइव्ह आहे का, तो सीडी वाचतो का, प्रदेश कोणता आणि इंटरनेटविना चित्रपट लागतो का. व्हीसीडी व जुन्या डीव्हीडींसाठी चालू स्थितीतला साधा प्लेअर भंगारात देऊ नये.

घरगुती चित्रीकरणाबाबत मात्र थांबण्यात अर्थ नाही. राइट केलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णता व प्रकाशाने खराब होतो. अशा तबकड्यांवर चित्रपटांसारखे कॉपीचे कुलूप सहसा नसते. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवरून त्या उतरवून घ्याव्यात आणि हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एमपी४ कराव्यात. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या जागी ठेवावी. कन्सोलवर पाहायचे असेल तर यूएसबी ड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करावा. बाजारातला चित्रपट पुन्हा कुठे तरी मिळेल. आजी-आजोबांचा आवाज असलेली तबकडी एकदा गेली की दुसरी मिळत नाही.