व्यायाम सांगणारा वैद्य स्वतः व्यायाम करतो काय?



आपल्या त्रैमासिकात कल्प, योग आणि रुग्णानुभव यांवर विपुल लेखन होत असते. आज मात्र थोडे वैद्याच्याच देहाविषयी लिहावे असे वाटते.

माझा दवाखाना वरळीच्या बीडीडी चाळींलगत आहे. २०२२ च्या पावसाळ्यात एका वृद्ध गिरणी कामगारांना पाहण्यासाठी तिसऱ्या मजल्यावर जाण्याचा प्रसंग आला. जिना चढून खोलीत पोहोचलो तेव्हा मला इतकी धाप लागली होती की त्यांच्या मनगटावर बोटे ठेवूनही नाडीचे काही आकलन होईना. माझेच हृदय बोटांत धडधडत होते. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, आधी बसा, पाणी घ्या. माझी नाडी कुठे पळून जात नाही. तुमचीच आधी कुणीतरी बघायला पाहिजे."

त्यावेळी माझे वय एक्केचाळीस आणि वजन शहाऐंशी किलो होते. सकाळी चार तास, सायंकाळी चार तास खुर्चीत बसणे आणि समोर येणाऱ्या प्रत्येक प्रमेही रुग्णाला "व्यायाम करा" असे बजावणे, हा माझा पंधरा वर्षांचा परिपाठ. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंमध्ये आस्यासुख आणि स्वप्नसुख यांना अग्रस्थान दिले आहे, हे परीक्षेसाठी आपण सर्वांनीच पाठ केले. ते लक्षण स्वतःला लावून पाहण्याचे धाडस मात्र क्वचितच कोणी केले असेल. मी तरी केले नव्हते.

त्या वर्षीच्या हेमंतात मी जांबोरी मैदानावर पहाटे जाऊ लागलो. व्यायामास शीतकाळ आणि वसंत हे ऋतू प्रशस्त, हे वाग्भटांचे सांगणे मुद्दाम पाळले. पहिल्या दिवशी धावण्याचा प्रयत्न केला तो जेमतेम एका मिनिटाचा झाला. मग सुश्रुताचार्यांचे अर्धशक्तीचे सूत्र आठवले. हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागला, कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम आला, तोंडास कोरड पडली, की बलार्ध झाले असे समजून थांबावे. आजचे व्यायामशास्त्र नवशिक्याला सांगते की धावताना सहज बोलता आले पाहिजे, बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. दोन्हींचा आशय जवळजवळ एकच आहे. त्यामुळे एक मिनिट धावणे, तीन मिनिटे चालणे असा क्रम ठेवला आणि दर आठवड्याला धावण्याचा अंश किंचित वाढविला.

पुढे जो प्रमाद घडला तोही सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई मॅरेथॉनचे धावपटू वरळी सी-फेसवरून जाताना पाहिले. त्यांत माझ्याहून वीस वर्षांनी वडील असणारे गृहस्थही होते. दुसऱ्याच दिवशी मी आवेशाने एकदम आठ किलोमीटर धावलो. परिणामी उजवा गुडघा सुजला आणि तीन आठवडे घरी बसावे लागले. शक्तीबाहेर व्यायाम करणारा हा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, ही वाग्भटांची उपमा मी विद्यार्थ्यांना अनेकदा समजावून सांगितली होती. तिचा अर्थ मला गुडघ्याने शिकविला.

आज मी आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर धावतो. वजन चौऱ्याहत्तर किलो आहे. हा काही पराक्रम नव्हे. आपल्याच दादरच्या मिलिंद सोमण यांनी वयाच्या अडतिसाव्या वर्षी, २००४ च्या पहिल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये, अर्धमॅरेथॉन धावून आरंभ केला आणि २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची 'आयर्नमॅन' स्पर्धा पूर्ण केली. परंतु ते मूळचे राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू होते. आपल्या रुग्णांपुढे ठेवावयाचा आदर्श त्याहून साधा, जांबोरी मैदानाच्या एका फेरीएवढा असावा.

हा विषय मला निकडीचा का वाटतो, तेही स्पष्ट करतो. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळीत १२१ चाळी उभारल्या. तळमजला अधिक तीन मजले, सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक शौचालय, अशी ही रचना. येथील पहिल्या पिढ्यांना व्यायाम सांगण्याची गरज नव्हती. गिरणीतील पाळी उभ्याने, पाणी भरणे हाताने, आणि दिवसातून दहा वेळा जिना. जानेवारी १९८२ च्या संपानंतर हळूहळू गिरण्या गेल्या. मुले वाहनचालक झाली, सुरक्षारक्षक झाली, संगणकापुढे बसली. आहार मात्र श्रमिकाचाच राहिला. आता ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हे सुख त्यांच्या हक्काचे आहे. शंभर वर्षांच्या गैरसोयीचे गुणगान त्यांना ऐकविणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु उद्वाहन आले की उरलासुरला जिनाही सुटणार, हे वैद्याने ओळखले पाहिजे.

लंडनमधील जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की दुमजली बसचे दिवसभर जिना चढणारे वाहक हे बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृद्रोगास कमी बळी पडतात. चालक नोकरीस लागतानाच अधिक स्थूल असत, असेही पुढे आढळले, त्यामुळे सर्व श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही त्या दिशेने पुढे झालेल्या अभ्यासांनी शरीरश्रमाचे महत्त्व निर्विवाद केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे अनुमान आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. सुश्रुताचार्य तर निर्धन प्रमेहीस पादत्राण व छत्रीविना शंभर योजने चालावयास सांगतात!

म्हणून व्यवसायबंधूंना माझे सांगणे असे. व्यायाम हा चिठ्ठीच्या तळाशी लिहिण्याचा उपचार नव्हे. त्याला औषधाप्रमाणे मात्रा, काळ आणि अनुपान हवे. किती मिनिटे, कोणत्या वेळी, कोणत्या लक्षणावर थांबावयाचे, हे लिहून द्यावे. अजीर्ण असता, भोजनोत्तर आणि ज्वरात वर्ज्य, हेही लिहावे. चाळिशी उलटलेल्या, छातीत दुखणाऱ्या किंवा रक्तदाब व मधुमेह असलेल्या रुग्णाची हृदयतपासणी करून घेतल्याशिवाय त्यास धावावयास सांगू नये. इन्शुलिन वा शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास जवळ साखर ठेवण्याची सूचना द्यावी. प्रमेहीने शंभर योजने अनवाणी चालण्याचा आग्रह आज धरू नये. त्याच्या पायांची संवेदना आधी तपासावी आणि योग्य पादत्राण सुचवावे. वृद्धांना वाग्भटांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. त्यांना धावण्याऐवजी बलानुसार चालणे पुरे.

औषधविक्रेते मित्रांनाही एक नम्र विनंती. मेदोहर गुग्गुळाची बाटली मागणाऱ्या ग्राहकास "रोज किती चालता?" एवढे अवश्य विचारावे. बसल्या जागी मेद झडण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती दुकानाच्या दर्शनी भागी लावू नयेत. त्यातून आज चार बाटल्या खपतील, पण निराश झालेला ग्राहक उद्या आयुर्वेदालाच खोटे म्हणेल.

ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी तोच जिना अनेकदा चढलो. एकदा वर पोहोचताच लगेच त्यांचे मनगट हाती घेतले, तेव्हा ते हसून म्हणाले, "आता तुमचं ऐकायला हरकत नाही." या व्यवसायात मला मिळालेले ते सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होय. ते मिळविण्याची संधी आपणा प्रत्येकाला पहाटेच्या अर्ध्या तासात उपलब्ध आहे.