पडद्यावरचा फौजी आणि पेन्शनीतला फौजी

गणवेश उतरवलेला सैनिक पडद्यावर दोनच रूपांत दिसतो. एक, नागरी जगातील सडकेपणाने पिसाळून एकट्याने गुंडांवर तुटून पडणारा. ‘प्रहार’मधील (१९९१) मेजर चव्हाण निवृत्त नसला तरी याच साच्यातला. दुसरा, मालिकांतील मिशाळ चौकीदार, येणाऱ्या-जाणाऱ्याला कडक सलाम ठोकून हशा पिकवणारा. दोन्ही चित्रांमागची समजूत एकच : बंदूक खाली ठेवल्यावर या माणसापाशी बाहू उरतात, बुद्धी उरत नाही.

ही समजूत महाराष्ट्राच्या इतिहासाशी कृतघ्नपणा करणारी आहे.

गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले. त्यांनी हाती घेतली ती लेखणी. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. ‘दीनबंधू’त ते लिहीत राहिले. १८९०च्या दशकात ब्रिटिश सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा दापोलीच्या या पेन्शनर हवालदाराने दाद मागण्यासाठी सविस्तर अर्ज तयार केला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर सवर्ण सभासदांना त्यांच्यासोबत बसणेही रुचेना. रणांगणाहून कठीण अशी ही लढाई एकाही पटकथेत का येत नाही? कारण उघड आहे. अर्ज लिहिणारा माणूस पोस्टरवर शोभत नाही.

सुभेदार रामजी सकपाळ तर बाबासाहेबांचे वडील म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. निवृत्त सैनिक म्हणून त्यांच्याकडे कोण पाहतो? लष्करी शाळेचे ते चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील कोरेगावी, दुष्काळग्रस्तांसाठी चाललेल्या तलावाच्या कामावर रोखपाल. १९०१ मध्ये त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान गाडी देईना. अखेर दुप्पट भाडे मोजून मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. हयातभर सरकारची चाकरी केलेल्या सुभेदाराच्या मुलांची नागरी जगातील पत ती एवढी.

पुढे मुंबईत मुलाला पुस्तक हवे असले की रामजी लेकींकडून दागिना मागून आणीत, गहाण टाकीत आणि पेन्शन हाती पडताच सोडवीत. फौजी शिस्त म्हणतात ती हीच असावी. पडद्यावर मात्र शिस्त म्हणजे पहाटेच्या आरोळ्या.

कोणी विचारील, चौकीदार फौजी खोटा आहे काय? मुळीच नाही. ज्या वर्धा जिल्ह्यात अल्लीपूर आहे, त्याच जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. तेथील पहाऱ्यावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान असतात. त्यांतील बहुतेक एकदा निवृत्त होऊन पुन्हा भरती झालेले, म्हणजे ज्याची मालिकांत टर उडवली जाते तेच काम पोटासाठी दुसऱ्यांदा पत्करलेले. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर भांडाराला आग लागली. दोन अधिकारी, अग्निशमन कर्मचारी आणि या दलाचे जवान तीत मरण पावले. चारदोन दिवस वृत्तवाहिन्यांना हे पहारेकरी दिसले, तेही शवपेट्यांतून. त्या जवानांना दुसऱ्यांदा पहाऱ्यावर का उभे राहावे लागले, मुलांची फी होती की शेतावरचे कर्ज, हे विचारायला कॅमेरा त्यांच्या गावापर्यंत गेला नाही.